खोडरबर गुरुजींची वही

मुलांबद्दल शाईने एक अक्षरही न लिहिणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन असायचं, पण ते वर पाठवायच्या कागदांपुरतं. मुलांचं जे काही लिहायचं ते पेन्सिलीने, दोनशे पानी लांबट वहीत. कानावर पेन्सिल आणि सुतळीत ओवून गळ्यात घातलेलं खोडरबर. साऱ्या गावाने त्यांचं नाव खोडरबर गुरुजी पाडलं होतं आणि ते त्या हाकेलाही ओ द्यायचे.

कोणीतरी एकदा विचारलं, "गुरुजी, पेन्सिल काऊन?" तर म्हणाले, "पोरगं रोज बदलते बाप्पा. कालचं शाईनं लिव्हून ठेवलं, तर आजचं कुठी लिव्हू?"

गावाचं नाव मी सांगणार नाही. लोणार तालुक्यात आहे, एवढं पुरे. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. नावानिशी, ठणकावून बोलायची सवय. पण या एका गोष्टीत नावं गिळायला मी शिकले आहे. ते कसं शिकले, तेच लिहिते आहे.

त्या वहीत प्रत्येक मुलाची एक ओळ. डावीकडे हजेरी नंबर आणि नाव, मग तारखेसह रकाने, उजवीकडे शेरा. कोण कुठल्या शब्दाला अडलं, कोण कुठल्या वाराला आलं नाही, कोण उपाशी आलं. बाकीचे मास्तर वर्षातून एकदा चाचणी घ्यायचे आणि आकडे वर पाठवून हात झटकायचे. गुरुजी रोज संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून वही चाळायचे. एकदा मी विचारलं, "गुरुजी, रोज रोज काय पाहता?" म्हणाले, "शाळेचं कुठी दुखते, ते पाहून राह्यलो."

मी चौथीत ढ होते. माझ्यासारखेच आणखी पाच-सहा जण ढ होते, आणि आम्ही सगळे एकाच कोपऱ्यात बसायचो. आमच्या बौद्ध वस्तीतली पोरं त्या कोपऱ्यात बसायची. कोणी बसवत नव्हतं म्हणे; बसायची. आधीच्या मास्तरांनी त्याचा अर्थ त्यांना हवा तसा लावला होता. गुरुजींनी आल्या आल्या महिनाभर आमच्या चुका टिपल्या, मग वर्गाचा नकाशा काढला, कोण कुठे बसतं याचा, आणि चुका त्या त्या जागी मांडल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "ऊठ वं, तुह्या जाग्यावर बसू दे मले." एवढा मोठा माणूस माझ्या फाटक्या पट्टीवर मांडी घालून बसला. डोळे बारीक केले. मग हसले.

"पोरं ढ नाहीत," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "फळा ढ आहे."

दारातून येणारं ऊन फळ्यावर पडायचं आणि आमच्या कोपऱ्यातून फळ्याची उजवी बाजू नुसती चमकायची. आमच्या साऱ्या चुका उजव्या बाजूच्या शब्दांत होत्या. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण दिसत नाही हे सांगायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, येत नाही. त्या रविवारी गुरुजींनी गावातल्या दोघांना घेऊन फळा ऊन न पडणाऱ्या दुसऱ्या भिंतीवर नेला. महिनाभरात वहीतली माझी ओळ तीनदा खोडून लिहिली गेली. आज मी जे काही चार शब्द लिहिते, ते त्या हललेल्या फळ्यामुळे.

बाजाराचंही तसंच. आठवडी बाजाराच्या दिवशी मोठ्या मुली हमखास गैरहजर. वरून आदेश यायचा, पालकांचे प्रबोधन करा. गुरुजींनी प्रबोधन केलं नाही. आया बाजाराला जातात आणि धाकटी भावंडं मुलींच्या गळ्यात पडतात, हे वहीत दिसत होतं. त्यांनी सांगून टाकलं, बाजाराच्या दिवशी भावंडं कडेवर घेऊन या. त्या दिवशी वर्गात रडारड, शेंबूड, कोणी झोपलेलं, कोणी खडू खाल्लेला. केंद्रप्रमुख भेटीला आले आणि दारातच थबकले. "गुरुजी, ही शाळा आहे की अंगणवाडी?" गुरुजी कडेवरचं पोर सावरत म्हणाले, "साहेब, पट मोजा अगोदर. मंग रागवा." पट पूर्ण होता.

पण मला लिहायचं आहे ते एकोणीस नंबरबद्दल.

मी लोणारला कॉलेजात जायला लागले तेव्हाची ही मुलगी, गुरुजींच्या चौथीच्या वर्गात. (एकोणीस हा नंबरही खरा नाही. तेवढं शिकले.) तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, सारं बिऱ्हाड उचलून. गुरुजी दरवर्षी त्या घरी जायचे आणि मुलीला आजीजवळ ठेवून घ्यायचे. तिच्या काकाला ते पटत नव्हतं. "भट्टीवर हाताखाली आली तर चार विटा जास्त निघतात गुरुजी. इथं काय करून राह्यली ते?" गुरुजींचं उत्तर ठरलेलं, "शिकून राह्यली. वर्षभर दम धर. वाचाले लागली का मीच सांगतो तुले." त्या वर्षीही तसाच शब्द देऊन त्यांनी तिला ठेवून घेतलं होतं. तिची शाळा त्या एका शब्दावर टिकली होती.

त्याच वर्षी शाळेच्या दर्शनी भिंतीवर मुख्याध्यापकांनी ऑइलपेंटने मोठं रंगवून घेतलं: शंभर टक्के प्रगत शाळा. मोबाइलवर माहिती भरायची होती, तालुक्याला यादी पुरी करायची होती. गुरुजींनी आपल्या वर्गाचे खरे आकडे दिले. वर जाताना ते बदलले गेले. गुरुजी भांडले नाहीत, म्हणजे माझ्यासारखे भांडले नाहीत. ते त्या भिंतीखालच्या पायरीवर बसून पेन्सिलीला टोक करत राहिले.

मला ते सहन होईना. आमचा पाच-सहा जणांचा गट होता, विहाराच्या ओट्यावर जमायचो, पत्रकं काढायचो. मी गुरुजींकडे गेले. "ती वही द्या. भिंतीवरचं खोटं उघडं पाडते."

गुरुजींनी खोडरबर बोटांत फिरवलं. "आकडे ने," ते म्हणाले. "किती पोरं वाचतात, किती अडतात, तेवढं ने. ओळी नेऊ नको."

मी हो म्हणाले. आणि ते पाणी प्यायला उठले तेव्हा मोबाइलने त्या पानाचा फोटो काढला.

मी चोरी केली असं तेव्हा मला वाटलं नाही. नुसत्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवतं? आकडे तर त्यांच्याकडेही होते, रंगवलेले. पुरावा हवा. मी काही मूर्ख नव्हते, नावं झाकली. प्रत्येक नावावर काळी पट्टी मारली. नंबर आणि शेरे ठेवले. वर जाड अक्षरांत ओळ टाकली: 'प्रगत शाळेच्या चौथीत वाचता न येणारी मुले. हा घ्या पुरावा.' छपाईवाल्याकडे आठवडा गेला. बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटली, गर्दी असते म्हणून.

नावं झाकली की माणूस झाकला जातो, हे शहरातलं गणित. आमच्या गावात वर्गातला मुलगा कोणाच्या मागे उभा राहतो हेसुद्धा सगळ्यांना पाठ असतं. पानठेल्यावर चौघं जण पत्रकावर वाकले. एक जण बोट ठेवून मोजत होता. "अठरा म्हंजे आपल्या गजाननची. वीस माही पुतणी. मंग हे एकोणीस कोण बे?" आणि शेऱ्यात स्पष्टच होतं: 'जोडाक्षरास अडते. आजी आजारी. आईवडील भट्टीवर.' गावात अशी एकच मुलगी.

संध्याकाळपर्यंत पोरं तिच्यामागे जोडाक्षर, जोडाक्षर म्हणून ओरडत होती. काका पत्रक घेऊन शाळेत आला. मी तिथे होते. विजयी चेहऱ्याने मुख्याध्यापकांची तारांबळ बघायला गेले होते. काका कोणावर ओरडला नाही. त्याने पत्रक गुरुजींच्या टेबलावर उलगडून ठेवलं. "साऱ्या गावानं वाचलं गुरुजी. फक्त इलेच येत नाही म्हणे. तुम्ही तर सांगून राह्यले होते, शिकून राह्यली."

गुरुजी म्हणाले, "तो कागद जुना आहे, बापू. येते तिले आता. समोर वाचून दाखवते, बोलाव."

"छापलेलं खोटं असते काय?" काका म्हणाला, आणि गेला.

गुरुजी सांभाळून घेताहेत, असं मी समजले. मास्तर बोलतातच तसं. चार दिवसांत काका मुलीला भट्टीवर पोचवून आला. आजीला लेकीकडे नेऊन टाकलं. घराला कुलूप.

चौकशी मात्र झाली. भिंतीवर चुना फासला गेला. आमच्या गटात पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. शाळेची माहिती बाहेर दिली म्हणून नोटीस गुरुजींना आली. कोणी नेली, हे त्यांनी सांगितलं नाही. नोटिशीवर सही करायला त्यांनी खिशातलं पेन काढलं, सही केली, टोपण लावलं, परत खिशाला अडकवलं.

मी भेटायला गेले तेव्हा ते ब्लेडने पेन्सिलीचं टोक काढत होते. मी म्हटलं, "गुरुजी, मी नावं झाकली होती."

"हाव, पाह्यलं मी. पट्टी सरळ मारली तू."

"मला वाटलं नव्हतं असं होईल."

त्यांनी टोकावर फुंकर मारली. "तुह्या कागदावर खोडता येत नाही न माय," ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर मी उलट बोलले असते, मला उलट बोलता येतं.

त्या वर्षी उरलेले सारे महिने गुरुजी हजेरी घेताना थांबायचे. सतरा, हजर. अठरा, हजर. एकोणीस. मग एक मूल हजर म्हणायला जेवढा वेळ घेतं, तेवढा वेळ शांतता. मग वीस. वर्गात नवीन आलेल्या एका मुलीने सांगितलं, "गुरुजी, ते येत नाही आता."

"मालूम आहे मले," गुरुजी म्हणाले. "आवाज द्याले काय जाते?"

ती शांतता मला अजून ऐकू येते. मोर्चात आम्ही कार्यकर्त्यांची हजेरी घेतो, सह्या मोजतो, आणि अठरानंतर माझी जीभ अडते. पिंपळगाव राजा या गावाकडच्या एका भट्टीवर ते कुटुंब होतं असं कळलं, म्हणून दोनदा गेले. पहिल्यांदा मुकादमाने हाकललं. दुसऱ्यांदा तिथे नुसती राख आणि तुटक्या विटा होत्या. एक बाई म्हणाली, "ते लोक मागंच गेले वं. कुठी गेले, कोण इचारते."

गुरुजी निवृत्त होऊन देऊळघाटला आपल्या घरी गेले आणि गेल्या वर्षी वारले. मला उशिरा कळलं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सुनेने चहा दिला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली वही आणून ठेवली. "मामंजी म्हणे, ते पत्रकंवाली येईन, तिले द्या."

मी पेन्सिलीची अक्षरं दिसावीत म्हणून खिडकीशी वही तिरपी धरली. सगळं पान खोडल्याच्या खुणांनी भरलेलं. एकेका रकान्यात तीन-तीन शेऱ्यांची भुतं. एकोणिसावी ओळ काढली. माझ्या मोबाइलमधला तो फोटो मी पुसलेला नाही, तो शेजारी धरला. फोटोत: 'जोडाक्षरास अडते.' वहीत त्याच जागी त्या अक्षरांचा नुसता वण होता, आणि त्यावर गुरुजींच्या बारीक अक्षरात: 'आजीच्या औषधाची चिठ्ठी घरून आणून वाचली. रात्री, प्रत्येकी, दोन्ही शब्द न अडता.' बाजूला तारीख. पत्रक वाटायच्या तीन दिवस आधीची.

माझा पुरावा छापखान्यात वाळत होता, तेव्हा ती वाचायला लागली होती. गुरुजी त्या दिवशी सांभाळून घेत नव्हते. खरं तेच सांगत होते, आणि टेबलावर माझा कागद पडला होता.

त्यांनी मला ते कधीच सांगितलं नाही. वही मात्र ठेवली, माझ्यासाठी. त्यापुढच्या रकान्यांत वर्ष संपेपर्यंत रोजचा एक ठिपका आहे. मग पुढच्या वर्षाचा नवा वर्ग, नवी नावं, आणि सगळ्यांच्या खाली पुन्हा एक ओळ, नुसता नंबर, शेऱ्याची जागा रिकामी. त्याच्या पुढच्या वर्षीही. निवृत्त होईपर्यंत.

पेन्सिल पुसट होत चालली आहे. म्हणून हे छापायला देते आहे. शाईने केलेलं खोडरबराने जात नाही, ते शाईनेच खोडावं लागतं. मी काढलेल्या पत्रकातला एकोणिसाव्या ओळीचा शेरा खोटा होता. ज्या मुलीने आजीच्या औषधाची चिठ्ठी शाळेत आणून वाचून दाखवली, ती जिथे कुठे असेल तिथे हा कागद तिच्या हाती पडो. तिला कोणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.