गाडीखालचा पुठ्ठा

त्या पुठ्ठ्याची आठवण निघाली की मला आजही आरोपीपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एन्नोरला असताना चोरीचा माल होडीसकट पकडला. पण कुणी एखादी केस सांगा म्हटलं, की मी ही साधी मोटार अपघाताची केस सांगतो. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

आधी थोडं माझ्याविषयी, नाहीतर माझी चूक नीट कळणार नाही. आमचं घराणं तंजावरचं मराठी. घरी बोलतो ती मराठी जुन्या वळणाची, मधेमधे तमिळ शब्द पेरलेली. देवनागरी वाचायला-लिहायला आईने शिकवलं म्हणून आज हे लिहू शकतो. चेन्नईच्या पोलीस ठाण्यात मराठी कानावर पडायची ती वर्षा-दोन वर्षांतून एखादेवेळी, आणि पडली की मी विरघळायचो. आमच्या हवालदारांनाही हे पक्कं ठाऊक होतं. मराठी बोलणारा माणूस आला की ते न सांगता दोन कॉफी मागवायचे.

त्या वेळी मी समुद्राच्या कडेने जाणाऱ्या ईसीआर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. कोवलम गाव आमच्या हद्दीत. रविवारी सकाळी शहरातले लोक तिथे ताज्या मासळीसाठी येतात. मोठ्या रस्त्यावरून गावात वळताना, अगदी वळणावरच मासळीवाल्या बायका पाट्या मांडून बसायच्या. मी किती वेळा त्यांना उठवलं असेल! माझी जीप दिसेनाशी झाली की पुन्हा तिथेच.

अशाच एका रविवारी नऊच्या सुमाराला फोन आला. एक जुनी मोटार वळणावर वळलीच नाही, सरळ बायकांच्या रांगेत घुसली. एका बाईच्या पायावरून चाक गेलं होतं. मी पोचलो तेव्हा तिला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. रस्ताभर मासे नि बर्फ, लोक चिडलेले, आणि दोन्ही बाजूंना बसगाड्या अडकून हॉर्न वाजवताहेत. ड्रायव्हर साठीला टेकलेला, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. लोकांनी त्याला दोन-चार ठेवून दिल्या होत्या, तरी तो पळाला नव्हता. बाईच्या पायाला स्वतःचा टॉवेल बांधून तिथेच उकिडवा बसला होता. पळणारा ड्रायव्हर आणि थांबणारा ड्रायव्हर यांना एकाच मापाने मोजू नका, असं मी नव्या शिपायांना नेहमी सांगायचो. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

मला पाहून तो उठला. आमच्याकडे साहेबाला अय्या म्हणतात. "अय्या, वळली नाही हो. स्टिअरिंग दगड झालंय. तुम्ही हात लावून बघा."

"सगळे हेच म्हणतात," मी म्हणालो.

आणि म्हणतातच. ब्रेक लागला नाही, स्टिअरिंग अडकलं, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मला घाई होती ती रस्ता मोकळा करायची. "आधी ही गाडी हलवा," मी ओरडलो. "काय वाटेल ते करा, पण अर्ध्या तासात ती ठाण्याच्या आवारात दिसली पाहिजे." जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक आमच्या अशा कामांना नेहमी यायचा. त्याला बोलावलं आणि मी पुढच्या कामाला लागलो.

मालक मागच्या सीटवर बसलेला होता. सत्तरीचा गृहस्थ, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, तिरुवान्मियूरला घर. माझ्या छातीवरच्या पाटीवरचं आडनाव त्याने वाचलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "म्हणजे साहेब, तुम्ही तंजावरचे! आपलेच की!"

झालं. ठाण्यात मी त्याला माझ्या खोलीत बसवलं. कॉफी आली. माझी मराठी ऐकून तो म्हणाला, "काय गोड जुने शब्द आहेत हो तुमच्याकडे!" मी लहान मुलासारखा सुखावलो. गाडी त्याने सेकंडहँड घेतली होती, आता चांगलीच वयस्क झाली होती, पण तब्येतीला ठणठणीत, असं तो म्हणाला. "ड्रायव्हर माणूस वाईट नाही, अकरा वर्षं आहे आमच्याकडे. पण वय झालंय. डुलकी लागली असेल. गाडी वेगातही होती जरा." मी त्याचा जबाब स्वतः लिहून घेतला.

दवाखान्यात जखमी बाईचा जबाब आमच्या लेखनिकाने घेतला. अपघाताच्या जबाबात 'अतिवेगाने व बेदरकारपणे' हे शब्द ठरलेले असतात. शाई ओतावी तसे ते कागदावर पडतात.

ड्रायव्हरला आत बोलावण्यापूर्वी मालक आवारात त्याच्याशी पाचेक मिनिटं बोलला. त्यानंतर ड्रायव्हरचा सूरच बदलला. "चूक माझी, अय्या. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. लिहा." सकाळी स्टिअरिंगला दोष देणारा माणूस दुपारी स्वतःला का देतोय, हा प्रश्न कुठल्याही पोलिसाला पडायला हवा. मला वाटलं, बरं झालं, काम सोपं झालं.

मंगळवारी मोटार वाहन निरीक्षक येऊन गाडी तपासून गेले. ब्रेक चांगले, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना मोकळं, यांत्रिक दोष नाही. झालं, केस पक्की. मी ड्रायव्हरचं लायसन्स जप्त केलं आणि ते निलंबित करावं असं लिहून पाठवायला घेतलं. त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, असं ठेवलेलं होतं. तीस वर्षांत एक दंडाची नोंद नाही. गुन्हा शाबीत झाला असता तर त्या वयात त्याला पुन्हा कुणी गाडीला हात लावू दिला नसता, आणि दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

"परत मिळेल ना, अय्या?" त्याने विचारलं.

"ते कोर्ट ठरवेल."

आठव्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना एक म्हातारी ठाण्यात शिरली. नऊवार नव्हे, पण तसंच कडक नेसलेलं सुती लुगडं, काखेत सुंभाने बांधलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा. "इन्स्पेक्टर कोण इथे? त्या गरीब माणसाला तुम्हीच ना अडकवलंत?" तमिळमध्ये तिने असा आवाज लावला की हजेरी थांबली.

ती मालकाच्या समोरच्या घरात राहायची. मालकाची गाडी उभी राहायची ती हिच्या दाराला लागून. आमच्याकडे रोज सकाळी दारात सडा घालून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात, तिला कोलम म्हणतात. त्यावर रोज लाल तेलाचे डाग!

"मार्गळीच्या सणाच्या महिन्यात मी अख्खं दार भरून कोलम काढते," ती म्हणाली. "त्यावर तेल! मी भांडले की तो ड्रायव्हर बिचारा साबणाची पूड घेऊन फरशी घासून द्यायचा. मग त्याने इंजिनाखाली पुठ्ठा घालायला सुरुवात केली. तेल प्यालेला पुठ्ठा सकाळी मला द्यायचा. बंब पेटवायला बरा पडतो. जाळून उरले ते हे."

"हे आधी का नाही सांगितलंत, अम्मा?"

"मला काय ठाऊक गाडी का वळली नाही ते? काल त्याची बायको भेटली. म्हणाली, पोलीस म्हणतात गाडीत काही खोट नव्हती. म्हटलं, खोट नव्हती तर मी चार महिने भांडत होते कशाला?"

मी गठ्ठा सोडला. खालच्या पुठ्ठ्यांवर रुपयाएवढे डाग, वरच्यांवर ताटाएवढे. गळती वाढत गेली होती, हे कुणालाही दिसलं असतं. एक पुठ्ठा उलटा केला. त्यावर जाड पेनाने, वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या. शेजारी उभा असलेला हवालदार म्हणाला, "हिंदी आहे का, अय्या?"

हिंदी नव्हती. 'रद्दीत देऊ नये. तेल गळते, गाडीखाली ठेवणे.'

अख्ख्या ठाण्यात ते वाचू शकणारा मी एकटा. तोंडात मारल्यासारखं झालं. मालकाने बायकोला उद्देशून लिहिलं असणार, नाहीतर पुठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले असते. जबाबात त्याने मला काय सांगितलं होतं? गाडी ठणठणीत. तेही मराठीतच.

पण मग तपासणीत स्टिअरिंग मोकळं कसं निघालं? मी मेकॅनिकला बोलावलं.

"मोकळं नसायला काय झालं?" तो म्हणाला. "जुनी रबरी नळी निसटली होती, सगळं तेल सांडलेलं. नळी बसवली, नवी क्लिप आवळली, बाटलीभर तेल ओतलं, मग चालवत आणली. तेलाशिवाय ती म्हैस वळतेय कुठे?"

"अरे, मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना, काय वाटेल ते करा!"

पॉवर स्टिअरिंगचं काम तेलाच्या जोरावर चालतं. तेल गेलं की चाक हाताने ओढावं लागतं, आणि ऐन वळणात ते गेलं तर ओढायला वेळ मिळत नाही. हे मला त्या दिवशी कळलं. आरोपीच्या बाजूचा एकमेव पुरावा माझ्या हुकमाने दुरुस्त होऊन निरीक्षकांसमोर उभा राहिला होता. मी केस डायरी उघडली आणि हे जसंच्या तसं लिहिलं. निरीक्षकांना फेरतपासणीची विनंती पाठवली. जुन्या नळीवरची नवी कोरी क्लिप त्यांनीही नोंदवली.

त्याच दुपारी मी दवाखान्यात गेलो. मासळीवाली पाय टांगून पडली होती.

"गाडी जोरात होती का?"

"जोरात कुठली! बैलगाडीसारखी आली. तो ओरडत होता, वळत नाही, बाजूला व्हा म्हणून. ब्रेक दाबला, तर आमच्या बर्फाच्या पाण्यावरून घसरली. मीच पाटी उचलायला थांबले."

"तुमच्या जबाबात तर वेगात होती असं आहे."

"जबाब? अंगठा घेऊन गेले ते. विचारलं कुठे काही?"

ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. या खेपेला खुर्ची दिली. तो म्हणाला, "तीनदा सांगितलं मी साहेबांना. म्हणाले, गाडी आता विकायचीच आहे, तोवर तेल घालत जा. अपघातानंतर म्हणाले, इन्स्पेक्टर आमच्यातले आहेत, तू कबूल हो, मी सांभाळतो." मग म्हणाला, "आणि नळी खराब आहे हे माहीत असून मी चालवलीच ना, अय्या? मग मी अगदीच निर्दोष कसा?"

माझ्या पुऱ्या नोकरीत स्वतःच्या विरुद्ध इतकं सरळ बोलणारे लोक मला फारसे भेटले नाहीत.

मालक आला तेव्हा हवालदाराने सवयीने दोन कॉफी आणल्या. मी परत पाठवल्या. पुठ्ठा टेबलावर ठेवला, अक्षर वर करून. त्याने तो जवळ ओढून वाचला.

"माझंच अक्षर आहे," तो म्हणाला. "घाबरलो हो, साहेब. या वयात कोर्टकचेरी, लोक काय म्हणतील... परमुलखात आपल्या माणसाने तरी समजून घ्यायला हवं."

मला त्याची दया आली नाही असं नाही. म्हातारा माणूस होता. पण आपला माणूस म्हणजे कोण, हे त्याने फार सोयीने ठरवलं होतं, आणि मी त्याला ते ठरवू दिलं होतं. अकरा वर्षं त्याची गाडी हाकणारा त्यात बसत नव्हता. आणि 'परमुलूख' म्हणे! माझ्या दहा पिढ्या इथल्या मातीत गेल्या.

"तुमचा जबाब पुन्हा घ्यावा लागेल," मी म्हणालो, तमिळमध्ये. लेखनिकाला समजावं म्हणून तमिळ, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

नादुरुस्त गाडी रस्त्यावर आणू दिल्याबद्दल आणि खोट्या माहितीबद्दल मालकाचंही नाव आरोपपत्रात आलं. ड्रायव्हरचं मला वगळता आलं नाही. गाडी तोच चालवत होता, त्याचं काय ते कोर्टाने ठरवायचं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याच्या वकिलाने मला विचारलं, तपासणीआधी गाडी कुणाच्या सांगण्यावरून दुरुस्त झाली? मी म्हणालो, माझ्या. वरिष्ठांचा मेमो आला, तो अजून माझ्या कपाटात आहे. ड्रायव्हर सुटला. मालकाला किरकोळ शिक्षा झाली. मासळीवाली आता काठी घेऊन चालते आणि पाटी तिची सून मांडते, वळणापासून लांब. तेवढं मी उभा राहून करून घेतलं.

यातून काय शिकलो, तर दोन गोष्टी. ठरलेले शब्द जबाबात उतरले की माणसाचं म्हणणं बाहेर राहतं. आणि आपली भाषा कानाला गोड लागली की कान तपास करायचं सोडून देतो. मराठी ऐकून मी आजही सुखावतो, ते काही जायचं नाही. पण तेव्हापासून कानाला खडा लावला, कॉफी जबाब झाल्यावरच.

लायसन्स मी स्वतः ड्रायव्हरच्या हातात दिलं. त्याने ते उघडून फोटो पाहिला, पुन्हा पिशवीत घातलं, पिशवी रुमालात बांधली. दारापर्यंत गेला आणि वळला. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती.

"अय्या," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही स्टिअरिंगला हात लावून बघाल असं मला वाटलं होतं."

दोन सेकंदांचं काम होतं ते.