आत्याचा घास

माझी आत्या कॉन्सोलाता आणि माझी आई एडविना अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण फुटबॉल. आमच्या तिवी बेटांच्या अंतिम सामन्यात आत्याच्या नवऱ्याने ऐन गोलासमोरून मारलेली शेवटची किक वाकडी गेली, आणि कडेला उभी असलेली आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "माझी म्हातारी सासूसुद्धा याहून सरळ मारेल!"

ती सासू म्हणजे आत्याची आई. एका वाक्यात आत्याच्या नवऱ्याचाही अपमान झाला आणि तिच्या आईचाही. त्या दिवसापासून आत्याने आमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. मिलिकापितीसारख्या एवढ्याशा गावात अबोला धरणं सोपं नाही, पण दोघींनी तो नेटाने निभावला.

मग एका डिसेंबरात आतोबा खाडीतून जाळं ओढून परत येत होते, ते होडीतच छाती धरून कोसळले. आमच्याकडे गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत, म्हणून आतोबांचं नाव मी इथेही घेत नाही. जीभच वळत नाही.

दफन झालं. पण गेलेल्याला खरा निरोप द्यायचा तो थडग्याभोवती कोरीव खांब उभारून, नाचून, गाऊन, आणि त्यासाठी आमच्याकडचा डिसेंबर ते एप्रिलचा पाऊस सरून जमीन कोरडी व्हावी लागते. तोवर आत्या सुतकात, म्हणजे पुकुमानीत. तिने अन्नपाण्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी भरवायचं, आणि ते माणूस स्वतः सुतकातलं नको. आतोबांच्या बहिणी, पुतण्या, सगळ्याच सुतकात. बाबा खांबांसाठी लाकूड शोधायला रानात. उरली आई.

आई ताट घेऊन गेली तेव्हा मी पाण्याचा तांब्या धरून मागे होते. ताटात निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकरी आणि चिखलातले शिंपले.

"तोंड उघड," आई म्हणाली.

आत्याने मान फिरवली.

"हे बघ, माझ्यावर रुसून तू उपाशी मेलीस, तर मला तुझ्यासाठीही नाचावं लागेल. माझे गुडघे बघितलेस का?"

आत्याने तोंड उघडलं.

असे सहा महिने गेले. आई चहा फुंकून तिच्या ओठांना लावायची. "वहिनी, फार गोड केलायस," आत्या कुरकुरायची. "जन्मात कुणी तुझ्याशी गोड बोललं नाही, चहा तरी गोड घे."

आत्या खाडीकडे तोंड करून बसायची. लांबून होडीच्या इंजिनाचा आवाज आला की तिचं चावणं थांबायचं. होडी किनाऱ्याला लागून माणसं उतरेपर्यंत आई घास हातात धरून तशीच थांबायची. गावात आतोबांचा विषय कुणी काढत नसे, आत्याला त्रास नको म्हणून. आणि आत्याला तर तोच एक विषय हवा होता.

एप्रिलमधल्या एका दुपारी तिने अचानक विचारलं, "वहिनी, ती किक खरंच एवढी वाकडी होती?"

"वाकडी? चेंडू थेट आंब्याच्या झाडात गेला!" मग आईचा आवाज खाली आला. "पण माणसं पांगल्यावर मी त्याला बघितलं. चेंडू काढायला झाडावर चढला, तर खाली पोरं जमली. त्याने चेंडू सोडून आंबेच पाडले. अर्धा तास. तुला सांगायला आले होते, तर तू दार लावून घेतलंस."

आत्याने खाडीकडची नजर काढून आईकडे वळवली. मग म्हणाली, "अजून सांग."

त्यानंतर आई रोज काहीतरी सांगू लागली. नाव न घेता, 'तो' म्हणून. तो कसा झोपेत हसायचा ते आत्याला ठाऊकच होतं, पण तो लग्नाआधी आत्याच्या घरावरून दिवसातून चारदा का जायचा, हे फक्त आईला ठाऊक होतं.

जूनमध्ये खांब उभे राहिले. बाबांनी कोरलेले, लाल-पिवळ्या मातीने आणि पांढऱ्या चुन्याने रंगवलेले सात. आमच्याकडे प्रत्येकाने आपलं गाणं स्वतः रचायचं असतं. आत्या अंगाला माती फासून मधे आली आणि गायली: होडी आली, होडी आली, ती आपली नव्हे. नाचणारे पायसुद्धा क्षणभर अडखळले. शेवटी आईने बादलीभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. सुतक सुटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी आत्या स्वतःचं ताट घेऊन आमच्या अंगणात हजर.

"आता हात आहेत ना तुला?" आई म्हणाली.

"आहेत. तू बोल."

याला दोन वर्षं झाली. आत्या रोज येते, आपल्या हाताने जेवते. आईच्या आठवणी कधीच संपल्या; आता ती रचून सांगते. परवा म्हणाली, एकदा त्याने नुसत्या शिव्या घालून मगरीला खाडीतून हुसकावलं होतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "तो शिव्या देत नसे," ती म्हणाली. मग बोटाला लागलेला खेकड्याचा रस चोखत, खाली बघत, हळूच म्हणाली, "मगरीला दिल्या असतील."