पंगतीतला आग्रह

भाचीच्या लग्नात मी पंगतीत जिलबी वाढत होतो. आमच्या भागाचे मंत्री अण्णासाहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटेच जेवत होते. जमिनीच्या प्रकरणात त्यांचं नाव आल्यापासून लोक लांबूनच नमस्कार करत. शेजारी बसायला कुणी धजत नव्हतं.

तेवढ्यात मुख्यमंत्री आले. तरुणपणी हे दोघे एकाच मोटारसायकलवरून गावोगाव प्रचार करत फिरलेले. वधूवरांना आशीर्वाद देऊन मुख्यमंत्री मांडवात जरा घुटमळले. भेटावं की टाळावं, हे त्यांचंही ठरत नसावं. मग सरळ येऊन अण्णासाहेबांच्या शेजारी बसले. मैत्री टिकली म्हणायची, असं वाटून मला बरं वाटलं.

"तब्येत कशी आहे?" मुख्यमंत्र्यांनी विचारलं.

"ठणठणीत."

"नाही रे, थकलायस. आता थोडी विश्रांती घे."

अण्णासाहेबांचा घास हातातच राहिला. "साहेब, निदान हे अधिवेशन तरी..."

"आधी जेव," मुख्यमंत्री म्हणाले. माझ्या परातीतली जिलबी त्यांनी स्वतः उचलून मित्राला वाढली. वाढताना मुख्यमंत्र्यांचे डोळे पाणावलेले मला स्पष्ट दिसले.

माणूस साथ सोडतो तेव्हा पाठ फिरवतो, असंच मी समजत आलो होतो. इतकं जवळ बसून, इतक्या मायेनंही सोडता येतं, हे ठाऊक नव्हतं.

अण्णासाहेबांनी जिलबीचा तुकडा मोडला. तो तसाच ताटात ठेवला. मुख्यमंत्री त्यांच्या पाठीवर हात ठेवून, त्यांची जिलबी संपायची वाट पाहत बसून राहिले.