पेपरची उलटतपासणी

सकाळी कोर्टाच्या बार रूममध्ये आले की आमचे वकीलसाहेब समोरच्या रिकाम्या खुर्चीत पेपर टेकवून उभा करायचे. चष्मा पुसायचे आणि दरडावून विचारायचे, "हां, साक्षीदार, शपथेवर सांगा. या लढाईत फायदा कोणाचा?"

अंबडच्या कोर्टात मी त्यांचा ज्युनिअर होतो. जगात कुठंही तोफ उडाली, की साहेब पेपरची उलटतपासणी घेणार हे ठरलेलं. "हे तुम्ही डोळ्यांनी पाह्यलं का? न्हाई? मंग कोणी सांगितलं? त्याचा यात काय मतलब?" पेपर बिचारा गप्प. आम्ही हसून हसून बेजार. संशय हा त्यांचा स्वभावच होता. घरी भाजी अळणी झाली तरी ते वहिनींना विचारत, "हे कोणाच्या सांगण्यावरून?" असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

मग आखातातली ती लढाई सुरू झाली आणि बार रूममध्ये चर्चेला ऊत आला. एक म्हणे, हे सगळं तेलासाठी. दुसरा म्हणे, हत्यारं खपवायची आहेत. तिसऱ्याला तिकडची निवडणूक दिसत होती. टीव्ही खोटा, पेपर खोटा, खरं कारण पडद्याआड, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

आवारात चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी दारात कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा तिकडच्याच एका बंदरावर क्रेन चालवायला गेला होता. आदल्या रात्री त्या बंदरावर बॉम्ब पडल्याची बातमी होती आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमी तर रोज म्हंता, बातम्या खोट्या असतात. मंग हीबी खोटीच ना?"

एकजण घाईनं म्हणाला, "खोटीच असंल मावशी, बिलकुल खोटी." मीही मान हलवली. एवढं म्हणून त्या माउलीला धीर द्यावा, असंच कुणालाही वाटलं असतं.

साहेबांनी मात्र त्यांच्या हातातला ट्रे घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि मोबाईल काढला. लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या आणि तिसऱ्याच एका देशाच्या बातम्या त्यांनी शांतपणे वाचल्या. मग म्हणाले, "मावशी, हे तिघं एकमेकांचे वैरी हायेत. तरी तिघंबी सांगून राह्यलेत, बॉम्ब पडला. कशासाठी पडला, मला म्हाईत न्हाई. पण पडला, हे खरं हाय." मावशींनी पदर तोंडाशी नेला. साहेब लगेच पुढं म्हणाले, "पण तुमचा पोरगा गेला, असं कोणीच म्हणलं न्हाई. कोणी म्हणलं, तर मी त्याला सोडणार न्हाई. बराबर तपासीन."

त्या दिवसापासून कोर्ट सुटलं की साहेब मावशींच्या घरी जाऊन बसत. तिकडच्या भारतीय वकिलातीला फोन लावत, त्याच बंदरावर काम करणाऱ्या आष्टीच्या एका माणसाचा नंबर शोधत. खोटा दिलासा एकदाही दिला नाही आणि मावशींना एकटंही सोडलं नाही. शंका घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. शंकेत एवढी माया असलेला माणूस एकच पाहिला. शेवटी पोराचा फोन आला, तेव्हा मावशींच्या आधी साहेबच रडले.

गेल्या दिवाळीनंतर साहेब गेले. आता आम्ही पेपर नुसता वाचतो. त्यांची आठवण निघाली की मला तो पोरगा परत आला ती दुपार आठवते. मावशी त्याला थेट बार रूममध्ये घेऊन आल्या होत्या. सगळे वकील त्याच्याभोवती जमले. लढाईचं खरं कारण सांगणारा साक्षीदार आयता समोर आला होता.

"साहेब, आता इचारा की काय इचारायचं ते," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी पोराचे दोन्ही हात दाबून पाहिले. पाठीवरून हात फिरवला.

"जेवलास का, बाबा?"

पोरानं मान हलवून नाही म्हटलं.

बाहेर शिपायानं आमच्याच केसचा पुकारा केला. पुढची तारीख मागायला मी धावलो. मागं वळून पाहिलं, तर साहेब त्याचा हात धरून जेवायला आपल्या घराच्या वाटेला लागले होते.