काही निघालं नाही

माझ्या बायकोच्या पाठीत पहिल्यांदा धरलं ते पाणी भरताना. आम्ही तेव्हा जालन्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तोही खालच्या अंगणात. सगळं पाणी बादल्यांनी वर न्यायचं. मुलगा आणि मुलगी दोघंही औरंगाबादला शिकायला आणि मी अंबड रस्त्यावरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला. त्यामुळे बादल्या तिच्याच वाट्याला.

"जिना चढताना पाठीत धरतंय," ती म्हणायची. "खांद्यांच्या मधोमध. जबडाबी जड पडतो."

"छातीत दुखतं का?"

"छातीत न्हाई."

"मंग ॲसिडिटी असंल," मी म्हणायचो आणि पेपर तपासायला बसायचो.

तिचं वय तेव्हा सत्तेचाळीस. गल्लीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, स्वच्छ आला. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा ईसीजी, पुन्हा स्वच्छ. मग कोणीतरी सुचवलं म्हणून टू-डी इको केला. तिथल्या माणसानं पडद्यावर हलणारं हृदय दाखवलं आणि म्हणाला, "पंपिंग एकदम बराबर आहे." यातलं प्रत्येक तपासणं ती पलंगावर निवांत पडलेली असताना झालं होतं आणि तिचं दुखणं चढताना यायचं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. उलट मी ते कागद तिच्यावर वापरू लागलो. तिनं पाठीला हात लावला की म्हणायचो, "दोन ईसीजी झाले, इको झाला. आता अजून काय काढायचं?" ती गप्प बसायची. तिचं गप्प बसणं मी पटल्याची खूण समजायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या मुलानं हट्टच धरला म्हणून औरंगाबादला स्ट्रेस टेस्ट केली. फिरत्या पट्ट्यावर चालायचं, पट्टा हळूहळू वेग घेतो आणि वर चढत जातो, अंगाला ईसीजीच्या वायरी लावलेल्या. साडी चालणार नाही, बूट पाहिजेत, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. मुलीचा सलवार-कमीज आणि मुलाचे कॅनव्हासचे बूट आणले. बूट दोन नंबर मोठे. ती आयुष्यात कधी पट्ट्यावर चालली नव्हती. दोन्ही हातांनी दांडी धरून, खाली बघत, फटफट पाय आपटत ती चालली. तिचा उजवा गुडघा आधीपासून खराब. चौथ्या मिनिटाला तिनं मान हलवली. "गुडघा," ती म्हणाली. तंत्रज्ञ म्हणाला, "अजून थोडं, मॅडम, ठोके वाढले नाहीत." ती अजून दहा पावलं चालली आणि थांबली.

संध्याकाळी मी एकटाच रिपोर्ट घ्यायला गेलो. काउंटरवरच्या माणसानं लिफाफा सरकवला आणि फोनवर बोलत राहिला. "डॉक्टर भेटतील का?" विचारलं तर म्हणाला, "उद्या." मला उद्या शाळा होती. मी बाहेर येऊन दिव्याखाली कागद वाचला. तळाशी एकच शब्द होता: इनकन्क्लुझिव्ह. वर लिहिलं होतं की ठोके अपेक्षित आकड्यापर्यंत गेले नाहीत.

त्या शब्दाचा अर्थ मला येत नव्हता असं म्हणायची सोय नाही. निष्कर्ष काढता येत नाही, एवढा साधा अर्थ. पण मी दिवसभर उभा होतो, शेवटची गाडी सापडायची होती, आणि आतून मला हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं. स्टँडवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "काय निघालं?"

"काही निघालं नाही," मी म्हणालो.

शब्दाला धरून बघितलं तर खोटं नव्हतं. मी कितीतरी दिवस स्वतःला तेच सांगितलं.

पुढची दोन वर्षं तशीच गेली. ती बादल्या अर्ध्या भरून नेऊ लागली. जिन्यात मध्येच थांबायची आणि खाली कोणाशी तरी बोलल्यासारखं करायची. हसनाबादला तिच्या भावाकडे लग्नाला गेलो तर मंडपातून घरापर्यंत येताना तीन वेळा उभी राहिली. मी पुढं जाऊन मागं वळून म्हणालो, "चल की जल्दी, लोकं थांबलेत." तिचा भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याचं ते बघणं मला इतकं लागलं की परत येताना गाडीत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. जसं काही दुखणं तिनं मला कमीपणा आणायलाच काढलं होतं.

मग जालन्यात एक तरुण डॉक्टर आला, नुकताच शिकून. मुलगा आईला त्याच्याकडे घेऊन जा म्हणून मागे लागला. मी सगळी फाईल घेऊन गेलो आणि एकेक कागद पुढं करत म्हणालो, "सगळं नॉर्मल आहे, तरी हिचं चालूच आहे." त्यानं ईसीजी बाजूला ठेवले, इको बाजूला ठेवला. तिसरा कागद हातात धरून बराच वेळ बसला.

"सर, हा नॉर्मल नाही. ही टेस्ट पूर्णच झालेली नाही," तो म्हणाला. "खाली लिहिलंय की. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

मी म्हणालो, "न्हाई, कोणीच काही सांगितलं नाही."

ती शेजारी बसली होती. डॉक्टरनं माझ्याकडेच बघून पुढचं सांगितलं: गुडघ्यामुळे यांना चालता येणार नाही, म्हणून औषध देऊन हृदयावर ताण आणायचा आणि थॅलियम नावाचं द्रव्य शिरेतून सोडून कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. रक्त कुठं पोहोचतं आणि कुठं नाही ते त्यात दिसतं. चिरफाड नाही. पण त्यासाठी पुण्याला जावं लागेल. रिक्षातून घरी येईपर्यंत मी औरंगाबादच्या त्या काउंटरवाल्याला शिव्या देत होतो. ती रस्त्याकडे बघत होती.

पुण्यात माझी बहीण राहते. आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचलो. तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं की चोवीस तास चहा-कॉफी घ्यायची नाही, सकाळी उपाशी यायचं. मी तिला दोनदा बजावलं होतं. सकाळी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "चहा घेतला का?" आणि ही सरळ म्हणाली, "अर्धा कप."

नर्सनं पेनला टोपण लावलं. "मग आज नाही होणार. चहानं ते ताणाचं औषध लागूच पडत नाही. परवा या."

मी तिला कॉरिडॉरमध्ये आणून तिथंच सुरू झालो. "एक गोष्ट सांगितली होती तुला. एक. तेवढीबी ध्यानात राह्यली न्हाई?"

"पहाटं वन्संनी कप हातात दिला," ती म्हणाली. "पावणी म्हणून आल्ते. न्हाई कसं म्हणू?"

"असं म्हणायचं, न्हाई."

लोक बघत होते. एका म्हाताऱ्यानं बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

परवा गेलो तर द्रव्यच आलं नव्हतं. ते परदेशातून विमानानं मुंबईला येतं, तिथून गाडीनं पुण्याला. ते साठवून ठेवता येत नाही, दिवसागणिक त्याचा जोर उतरतो. विमान चुकलं की सगळ्या पेशंटांनी परत जायचं. काउंटरवरची मुलगी हे अगदी शांतपणे सांगत होती आणि मला तिच्या शांतपणाचाच राग येत होता. मी एसटीडी बूथवरून मुख्याध्यापकांना फोन केला. सहामाहीचे पेपर तसेच पडले होते. ते म्हणाले, "सर, अजून किती दिवस?" मी म्हणालो, "विमानावर आहे सगळं." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

शेवटी पाचव्या दिवशी झालं. शिरेतून औषध सोडल्यावर तिचा चेहरा लाल झाला, डोकं ठणकू लागलं, आणि ती डॉक्टरला म्हणाली, "हेच. हेच पाठीत धरतंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते लिहून घेतलं. मग हात डोक्यावर ठेवून तिला कॅमेऱ्याखाली अर्धा तास निजवलं. बाहेर आल्यावर सांगितलं, चार तासांनी परत यायचं, आरामातले फोटो काढायला.

दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली आम्ही बसलो. मी तिला सांगायचं ठरवलं. आता फोटोत काय येईल ते येईल, पण त्याआधी सांगायला हवं होतं. मी सुरुवात केली, "औरंगाबादचा तो कागद..."

"मला ठाव आहे," ती म्हणाली.

"काय ठाव आहे?"

"त्यात काय लिव्हलं होतं ते. खालच्या घरातली पोरगी नर्सिंगला आहे ना, तिच्याकडून वाचून घेतलं. आल्यावर चार दिवसांनीच."

नेहमीसारखा रागच आधी आला. "मंग बोलली का न्हाईस? दोन वर्षं गप बसलीस? तुझा जीव आहे का कुणाचा?"

तिनं हसनाबादच्या लग्नासाठी घेतलेल्या पर्समधून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. "तुम्ही म्हणला काही निघालं न्हाई. मला वाटलं, तुमची काही अडचण असंल. परत नेण्यासारखं नसंल. सांगितलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता. मंग भांडण झालं असतं. एवढंच."

"न्यायला काय अडचण होती?"

"मला कसं ठाव? मी वाट बघत होते तुम्ही सांगताल म्हणून."

ती हे कुरकुरत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती बाजारात भाव सांगावा तसं म्हणाली. उरलेला वेळ आम्ही तिथंच बसलो. मी दोनदा उठून काउंटरवर जाऊन वेळ विचारून आलो, घड्याळ माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं लावली. हृदयाचे आडवे काप, रंगीत कड्यांसारखे. वरच्या ओळीत ताणातले, खालच्या ओळीत आरामातले. वरच्या ओळीत प्रत्येक कड्याचा पुढचा भाग विझल्यासारखा होता. खाली तोच भाग भरून आलेला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "हा भाग जिवंत आहे, पण जोर पडला की रक्त पोहोचत नाही. पुढची मोठी रक्तवाहिनी अरुंद असणार. नशिबानं अजून झटका आलेला नाही. मिस्टर, तुम्ही लगेच अँजिओग्राफीचं..."

"डॉक्टर, मला सांगा," ती म्हणाली. "दुखणं माझं आहे."

डॉक्टर थांबले. मग खुर्ची तिच्याकडे फिरवली. तिनं विचारलं की अँजिओग्राफी म्हणजे काय, किती वेळ लागतो, त्यात जीव जातो का, नाही केलं तर काय होतं. ते उत्तरं देत गेले, सोप्या मराठीत. मला कोणी काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिची अँजिओप्लास्टी झाली आणि अरुंद जागेत जाळी बसवली. वेळेवर झालं, असं डॉक्टर म्हणाले. मला वेळेवर हा शब्द फार टोचला. दोन वर्षं ती कसलं हृदय घेऊन जिना चढत-उतरत होती ते मी त्या पडद्यावर बघितलं होतं.

ती बरी झाली. आज ती पासष्टीच्या पुढं आहे आणि माझ्यापेक्षा भरभर चालते. त्या कागदाबद्दल तिनं मला पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. मी माफी मागायला दोन-तीनदा तोंड उघडलं. दर वेळी ती म्हणाली, "राहू द्या आता, जेवायला बसा." मी बसलो आणि जेवलो.