हिन्टरमूलचा सभासद

मोरेश्वर गानू वारले ते आयर्लंडमध्ये, स्लायगोत. पण जर्मनीतल्या हिन्टरमूल नावाच्या गावात ते त्यानंतरही तीन वर्षं जिवंत होते. अगदी धडधाकट नव्हे, गुडघा दुखायचा, पण जिवंत. आणि हा सगळा उद्योग त्यांच्या बायकोचा, विभावरीबाईंचा. जिनं उभ्या जन्मात भाजीवाल्यालासुद्धा कधी थाप मारली नाही, तिचा!

हे हिन्टरमूल काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. १९७९ साली पुण्याच्या कारखान्यानं मोरेश्वररावांना यंत्रकाम शिकायला जर्मनीला धाडलं. वय चोवीस, ओळख कुणाशी नाही. रविवारी ते गाव असं चिडीचूप व्हायचं, की स्वतःच्या बुटांच्या आवाजाची लाज वाटावी. एका रविवारी लांबून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून हा बाबा त्या रोखानं चालत सुटला, तर पुढे फुटबॉलचं मैदान. थंडीनं दातावर दात वाजत होते. शेजारी उभ्या असलेल्या होर्स्ट नावाच्या तरण्या सुतारानं त्यांच्या हातात पावात घातलेलं सॉसेज ठेवलं. गानूंनी पाव खाल्ला आणि सॉसेज गुपचूप कोटाच्या खिशात सारलं. क्लबच्या खोलीत शेगडी पेटलेली होती, पण आत बसायचं तर सभासद व्हावं लागे. झाले सभासद. खेळाच्या प्रेमापोटी नव्हे हो, उबेपोटी! प्रेम मागाहून आलं, आपल्याकडे लग्नात येतं तसं.

आणि असं आलं, की विचारू नका. पुण्याला परतल्यावर लग्न झालं, आणि नव्या नवरीला महाबळेश्वरला नेऊन या माणसानं काय सांगावं, तर एफ.सी. हिन्टरमूलचा इतिहास. १९१९ साली कागदाच्या गिरणीतल्या कामगारांनी क्लब काढला. लढाईवरून परतलेली पोरं. अकरा जण जमवताना नाकी नऊ आले. मैदान गिरणीमागच्या उतारावर, त्यामुळे एका बाजूनं खेळणं म्हणजे डोंगर चढणं. हिटलरच्या राज्यात कामगारांचा क्लब म्हणून कुलूप लागलं. लढाईनंतर पुन्हा उघडला तेव्हा गोलाचे खांबच गायब, गावानं हिवाळ्यात ते चुलीत घातले होते. एकदाच मोठ्या शहरातला बडा संघ गावात खेळायला आला आणि नऊ गोल मारून गेला. हिन्टरमूलचा एकही झाला नाही. तरी त्या दिवसाची गोष्ट गावात अजून सणासारखी सांगतात. मग गिरणी बंद पडली, तरुण पोरं पांगली, क्लब साखळी स्पर्धेत एकेक पायरी उतरत तळाला गेला. बंद मात्र पडला नाही.

"जिंकले कधी?" विभावरीबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"जिंकायचं काय घेऊन बसलीस, विभा? आहेत अजून, हे काय कमी आहे?" हे उत्तर.

मूलबाळ झालं नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर गानूंना स्लायगोच्या एका कारखान्यात साचे बनवायचं काम मिळालं आणि दोघं तिकडे गेली. तिथले आपले लोक बहुतेक कोवळे, कंपन्यांमधले नाहीतर कॉलेजातले. त्यांच्या गणपतीला ही दोघं जायची आणि आरती झाली की उठून यायची. बाईंचा स्वभावच तसा. "उगाच कुणाला आपला त्रास नको," हे वाक्य त्यांच्या तोंडात कायम. घरी बसून लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायच्या. गिऱ्हाईक यायचं, चेनबद्दल बोलायचं, पावसाबद्दल बोलायचं आणि "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान छान, करत निघून जायचं. शेजारची नोरीन तेवढी अधूनमधून कुंपणावरून डोकवायची.

हिन्टरमूलमध्ये एक पद्धत होती. सभासद जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याच्या वाढदिवसाला क्लबकडून फोन जायचा. ते काम होर्स्टकडे. गानूंचा वाढदिवस ऑक्टोबरात. सकाळी फोन वाजायचा, होर्स्ट घसा साफ करून गाणं म्हणायचा आणि मग दोघं तासभर हरलेल्या सामन्यांवर बोलत बसायचे.

२०१६च्या फेब्रुवारीत, सकाळचा चहा गाळता गाळता, मोरेश्वरराव स्वयंपाकघरातच कोसळले आणि संपले.

आता आयर्लंडात मरण म्हणजे अख्ख्या गल्लीचं काम. लोक रांगेनं येतात, हात हातात घेतात, सँडविचचे डोंगर आणतात, मेलेल्या माणसाच्या गमती सांगून हसतात आणि रडतात. आणि बाईंनी काय केलं? कुणाला कळवलंच नाही! कामाचे दिवस, लोकांना कशाला रजा काढायला लावायची? कारखान्यातले दोघे आणि इस्पितळात काम करणारं एक मराठी जोडपं, एवढ्यांच्या सोबतीनं त्यांनी नवऱ्याला दहनगृहात पोचवलं. नोरीनला चार दिवसांनी समजलं. ती दारात आली. "मला सांगितलंसुद्धा नाहीस?" एवढंच म्हणाली. चेहरा असा पडला होता, जणू बाईंनी तिच्या तोंडावर दार आपटलं होतं. त्यानंतर कुंपणावरून डोकावणंही कमी झालं. बाईंना वाटलं, बघा, आपण हिचा त्रास वाचवला तर हीच रुसली!

घर खायला उठायचं. दिवस कसातरी शिवणात जायचा, संध्याकाळ काही केल्या सरायची नाही. कुणीही मोरेश्वररावांचं नाव घ्यायचं नाही, कारण घेणारं होतंच कोण? पुण्यात पुतण्या होता, तो सणासुदीला मोबाईलवर फुलांची चित्रं पाठवायचा.

अशात ऑक्टोबर आला आणि फोन वाजला. खरं सांगायचं हे बाईंनी पक्कं ठरवलं होतं, शपथेवर सांगते. पण होर्स्टनं तोंड उघडायला वाव दिला तर ना! त्यानं आधी गाणंच सुरू केलं, सगळी कडवी म्हटली, आणि मग विचारलं, "कुठे आहे आमचा मोरेश? गुडघा काय म्हणतो?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या माणसाची चौकशी करत होतं. कसा आहे म्हणून विचारत होतं!  आणि बाईंच्या तोंडातून निघालं, "आंघोळ करतायत. गुडघा बराय."

झालं. एक खोटं पोटात राहिलं की त्याचा वंश वाढतो. पुढच्या वर्षी गानूंचा घसा बसला होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी ते पुतण्याच्या लग्नाला पुण्याला होते. होर्स्ट काही संशय घेणाऱ्यातला नव्हता. त्याचं इंग्रजी मोडकं, बाईंचं बेताचं. त्यामुळे दोघांचं छान जमायचं. तो क्लबच्या बातम्या द्यायचा आणि "त्याला सांगा हं" म्हणायचा. सांगायचं तर आधी कळायला हवं, म्हणून बाई दर रविवारी क्लबचा निकाल बघू लागल्या. २०१७ साली संघ एक पायरी वर चढला तेव्हा त्या एकट्याच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत सुटल्या आणि मग ओट्याला धरून ढसाढसा रडल्या.

२०१९ उजाडलं. क्लबची शंभरी. वसंतात होर्स्टचा अवेळी फोन आला. मोरेशला सभासद होऊन चाळीस वर्षं झाली, क्लबची कोटाला लावायची सोन्याची पिन द्यायची आहे, तर तो आणि त्याची बायको गिझेला कॅम्परव्हॅन घेऊन आयर्लंड फिरायला येतायत, पिन स्वतःच्या हातानं लावणार.

आम्ही इथे नाही, असं एक वाक्य टाकलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण बाई म्हणाल्या, "या ना. जेवायलाच या." का म्हणाल्या? अहो, त्या घरात तीन वर्षांत माप देण्याखेरीज कुणी बसलं नव्हतं. माणसाची भूक वाईट.

जूनमधल्या एका दुपारी ती पांढरी गाडी दारात लागली. होर्स्ट उंच, वाकलेला, जुन्या खेळाडूचे फेंगडे पाय. गिझेला गोलमटोल, हातात केकचा डबा. बाईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. गानूंचा चष्मा टेबलावर काढून ठेवला होता, कोट खुंटीला, बूट दाराशी.

"आणि मोरेश?"

"दूध आणायला गेलेत. येतील आता."

दूध समोर टेबलावरच होतं. गिझेलानं ते पाहिलं आणि नजर वळवली. होर्स्टनं खिचडीला भरपूर नावाजलं, केक कापला, एक मोठा तुकडा बाजूला ठेवून त्यावर वाटी पालथी घातली. "हा त्याचा." मग तो क्लबचं सांगू लागला आणि बाई त्याला मध्येच अडवून चुका काढू लागल्या. खांब जाळले ते सेहेचाळीसच्या नव्हे, पंचेचाळीसच्या हिवाळ्यात! होर्स्ट मांडीवर थाप मारून हसला. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं! बाईंना वाटलं, ही दुपार अशीच राहावी. पण दर थोड्या वेळानं तो खिडकीकडे बघायचा, आणि त्या घाईघाईनं त्याच्या ताटलीत आणखी खिचडी वाढायच्या.

शेवटी पाय मोकळे करायला म्हणून होर्स्ट उठला आणि बाहेरच्या खोलीत गेला. बाई ताडकन उठल्या. सगळं आवरलं होतं, पण फोटो! भिंतीवर मोरेश्वररावांचा मोठा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. तो काढायला त्या सकाळी दोनदा स्टुलावर चढल्या होत्या आणि दोन्ही वेळा हात लावायचा धीर झाला नव्हता. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही असा फोटो पाहून कळतं आणि ते आवाज खाली आणतं. पण हा हिन्टरमूलचा सुतार!

"गिझेला, ये, बघ!" तो आनंदानं ओरडला. "किती सुंदर! मोरेशला माळ घातलीय! जिंकणाऱ्याला घालतात तशी!" आणि तो फोटोपुढे उभा राहिला, कोटाच्या खिशातून मखमली डबी काढून म्हणाला, "ही पिनसुद्धा इथेच शेजारी लावू. तो आला की फोटो काढू."

बाईंना ते सहन झालं नाही. फसवणूक एवढी सोपी व्हायला नको होती.

"होर्स्ट," त्या दारातून म्हणाल्या, "आमच्यात हा हार मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात."

त्याला समजायला वेळ लागला. गिझेलाला लागला नाही. तिनं येऊन बाईंचा दंड धरला.

"कधी?"

"सोळा साली. फेब्रुवारीत."

आता हा आपल्याला जवळ घेईल, समजूत काढील, असं बाईंना वाटलं असेल तर ते चूक ठरलं. होर्स्ट लालबुंद झाला. "मी फोनवर गाणं म्हटलं! तीनदा! गुडघ्याचं विचारलं, तुम्ही म्हणालात बराय!"

"मला वाटलं, निदान तुमच्याकडे तरी ते असू देत. दुसरीकडे कुठेच नव्हते हो ते! मी सांगितलं असतं तर फोनही थांबला असता."

"आमच्याकडे?" होर्स्टचा आवाज चिरकला. "आमच्याकडे काय होतं ठाऊक आहे? दर मार्चमध्ये सभा भरते. पहिलं काम हिशेब नाही, खेळ नाही. वर्षभरात मेलेल्या सभासदांची नावं वाचतात आणि सगळं सभागृह उभं राहतं. दोन-अडीचशे माणसं! दारुडे, पोरं, बायका, सगळे. ज्यानं आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही त्याच्यासाठीसुद्धा. मोरेशसाठी आम्ही उभे राहिलो असतो. चार वेळा सभा झाली आणि चार वेळा मी त्याचं नाव जिवंतांत मोजलं. तुम्ही आम्हाला उभं राहू दिलं नाहीत."

बाई भिंतीला टेकल्या. दहनगृहातल्या त्या रिकाम्या खुर्च्या त्यांना दिसल्या. रांगच्या रांग रिकामी, आणि पुढे चार माणसं अवघडून बसलेली. त्या खुर्च्या कुणी रिकाम्या ठेवल्या होत्या? नोरीननं? होर्स्टनं? छे. त्यांनीच. आपल्या माणसासाठी रडायला आलेली माणसं त्यांनी दाराबाहेरच ठेवली होती, आणि वर एकटं पडल्याची तक्रार.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या.

होर्स्टनं खिशातून रुमाल काढून खसाखसा तोंड पुसलं. मग फोटोसमोर सरळ उभा राहिला, पाय जुळवले. गिझेलाही शेजारी उभी राहिली. सभेत बोलतात तशा सुरात त्यानं म्हटलं, "मोरेश्वर गानू, पुणे आणि स्लायगो. सभासद एकोणीसशे एकोणऐंशीपासून. शेगडीसाठी आला आणि राहिला." मग बाईंकडे मान वळवून हळूच म्हणाला, "आमच्यात घरचं माणूस बसल्याशिवाय कुणी बसत नाही."

तिघं उभी राहिली.  बाईंना रडू आलं, मोठ्यांदा, लहान पोरासारखं. ते ओसरलं तरी त्या बसल्या नाहीत. त्यांच्या मागे खुर्ची होती. पण आपण उभ्या आहोत तोवर ही दोन माणसं मोरेश्वररावांसाठी उभी आहेत, हे त्यांना कळलं होतं, आणि बसवेना. चहा गार झाला. गिझेला या पायावरून त्या पायावर झाली. होर्स्ट हलला नाही, पण त्याचे गुडघे थरथरू लागले होते, पँटमधूनसुद्धा ते दिसत होतं.

बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, हात मागे नेऊन खुर्ची चाचपली, आणि बसल्या.