सकाळच्या खेळाचा बोर्ड

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — देव जाणे.

नव्वदीनंतरची वर्षं. तंजावरात घरोघरी केबल आली आणि आमचं थेटर सकाळच्या खेळावर जगायला लागलं. सकाळचा खेळ म्हणजे कसला, ते कळलंच तुम्हाला. बाहेरचा बोर्ड मी रंगवायचो. त्या इंग्रजी पिक्चरांत एक नट असायचा — मेक्सिकन आईबापांचा, अमेरिकेतच वाढलेला. सावळा, जाड मिशांचा, थेट पापनाशमच्या बसचा कंडक्टर! दर पिक्चरमध्ये मरायचा. पण काय मरायचा हो! बाकी सगळा पिक्चर रद्दी, हा एकटा जीव तोडून काम करायचा. पोरं शिट्ट्या मारायची. मीही मारायचो.

एकदा बोर्डासाठी मद्रासहून फोटो आला तो त्याचा एकट्याचा. मॅनेजर म्हणाले, बोर्डावर बाई नसली तर कोण येईल? काढ एखादी. काढली — उघड्या पाठीची, त्याच्या मिठीत, मान वळवलेली. आणि चेहरा? चेहरा अंबुजाचा काढला.

हात चुकला म्हणू? नाही चुकला. राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतली ती, बी.ए. झालेली. तिच्या वडिलांकडे, माधवरावांकडे, मी तिला मागणी घातली होती. ते हसले — बोर्ड रंगवणाऱ्याला मुलगी? राग होता मला. दुसरं काही नाही.

गल्लीत बोभाटा झाला. तिचं लग्न ओरत्तनाडूला ठरलेलं. माधवराव माझ्याकडेच धावत आले — थेटरात आपला मराठी माणूस मी एकटाच ना! मी म्हणालो, अप्पा, पिक्चरमधली बाईच तशी आहे, मी काय करू? मनात म्हटलं, हा सोवळ्यातला माणूस खात्री करायला थोडाच येणार आहे?

आले. अय्यो, आले ते! तशी बाई खरंच असली तर वरपक्षाला शपथेवर सांगता येईल, म्हणून. डोक्यावरून अंगवस्त्र घेऊन, त्या शिट्ट्यांत, पडद्यावर आपल्या मुलीसारखी बाई शोधत शेवटपर्यंत बसले. असती तर सापडली असती. बाहेर पडताना लोकांनी त्यांना पाहिलं. मुलीचा बापच असले पिक्चर बघतो म्हटल्यावर लग्न मोडलं. माझ्याकडे त्यांनी एकदा नुसतं बघितलं — कळलं होतं त्यांना. पण घरी मुलीला सांगितलं, होती ग, अगदी तुझ्यासारखी. आपल्याच गल्लीतल्या माणसानं हे केलं, हे तिला कळू नये म्हणून असेल.

पुढे माधवराव वारले. अंबुजाचं लग्न झालंच नाही. परवा भाजीबाजारात भेटली, केस पांढरे झालेले. इकडचं तिकडचं बोलली. मग तिनं हळूच विचारलं — ती परदेशातली बाई खरंच माझ्यासारखी दिसायची का रे?

मी हो म्हणालो.